चारपैकी दोन पूर्णांक सात

मुक्ता, निखिल, तुमच्या आईने मस्कतहून लिहिलं आहे की मुलं विचारतात, आजी सात महिने अमेरिकेत राहून आली, तर तिने नायगारा सोडून आणखी काय पाहिलं? नायगारा मी पाहिला. पुष्कळ पाणी आहे. त्याची रंगीत कार्डं तुम्हाला पोचलीच आहेत, तेव्हा त्यावर शाई घालवत नाही. कार्डावर न मिळणारी गोष्ट सांगते: तुमची मामेबहीण अंजू डॉक्टरकीच्या दारात कशी उभी राहिली, आणि तुमच्या आजीने ऐन वेळी तिच्या पायात पाय कसा घातला. अंजूने लिहायला परवानगी दिली आहे. अट एकच, कॉलेजचं नाव लिहायचं नाही.

डब्लिन, ओहायओ

हे डब्लिन आयर्लंडमधलं नव्हे. कोलंबस शहराच्या कडेला, काल-परवापर्यंत जिथे मका उगवत होता तिथे आता घरं उगवतात. कुंपण नाही, फाटक नाही, आणि रस्त्यावर माणूस नाही. शहाऐंशीच्या सप्टेंबरात मी तिथे पोचले. ऑक्टोबरात थंडी पडली तशी रोज सकाळी पाचवारी पातळ, वर तुमच्या वसंतमामाचा कोट आणि पायात त्याचेच बूट अशा थाटात मी फिरायला निघे. पहिल्या आठवड्यात तीन गाड्या थांबल्या. बायका काच खाली करून काळजीने विचारत, "कुठे सोडू का तुम्हाला?" नुसतं चालण्यासाठी चालणारी बाई त्यांनी पाहिलेली नसावी. चौथीला मी साताऱ्याच्या सवयीने उलट विचारलं, "तुम्ही कुठे निघालात?" ती गोंधळली. असं इथे विचारत नाहीत, हे घरी आल्यावर तुमच्या नलिनीमामीने मला समजावलं. काय काय विचारत नाहीत याची माझी यादी पुढे वाढतच गेली: वय, पगार, मूल का नाही. आणि सगळ्यांच्या वर, मार्क.

मार्कांची गोष्ट मी पोचले त्याच आठवड्यातली. रात्रीचं जेवण चाललं होतं. वसंतने मान खाली घालून सांगितलं, "आई, अंजूचं ॲव्हरेज टू पॉइंट सेव्हन आहे."

"कितीपैकी?"

"चारपैकी."

शाळेत मी चाळीस वर्षं निकाल लावले आहेत. मला कागद लागत नाही. "म्हणजे साडेसदुसष्ट टक्के! अगं, फर्स्ट क्लास!" असं म्हणून मी उठले, देवापुढे साखर ठेवली आणि चिमूटभर अंजूच्या हातावरही ठेवली.

नलिनी भाताकडे बघत बसली. अंजूने साखर तोंडात टाकली आणि म्हणाली, "थँक यू, आजी. यू आर द ओन्ली वन."

मग मला समजावून सांगण्यात आलं. इथे डॉक्टरकीला थेट बारावीनंतर जात नाहीत. आधी चार वर्षं कॉलेज करून पदवी घ्यायची, तिथली सरासरी दाखवायची, एक मोठी परीक्षा द्यायची, आणि मग अर्ज करायचे. सरासरी साडेतीनच्या आसपास असली तर लोक तुमच्याशी बोलतात. दोन पूर्णांक सात म्हणजे आपल्याकडे काठावर पास.

बरं, अंजू काही ढ नाही. पहिली दोन वर्षं ती कॉलेजच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवत होती. ट्रॉम्बोन म्हणजे पितळेची भलीमोठी पिपाणी, तिची नळी पुढे-मागे सरकवत वाजवतात. दर शनिवारी फुटबॉलच्या सामन्याआधी दीडदोनशे मुलं ही वाद्यं घेऊन मैदानावर कवायत करतात आणि चालता चालता अक्षरं काढतात. फोटोत अंजू एका अक्षराच्या शेपटीत उभी आहे. ही शेपटी रोज तीन-तीन तास सरळ करता करता तिकडे ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत 'डी' पडला. मग तिचे डोळे उघडले. शेवटची दोन वर्षं आणि पदवीनंतरचं आणखी एक वर्ष तिने तेच विषय पुन्हा घेऊन 'ए' मिळवले. पण सरासरी ही मोठी खुनशी वस्तू आहे. आधीचं पाप पुढच्या पुण्याने धुऊन निघत नाही, नुसतं पातळ होतं. कॉलेजातल्या सल्लागार बाईंनी अंजूला गोड हसून हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या नोकरीचं माहितीपत्रक दिलं होतं.

वसंतने निक्षून सांगितलं होतं की हे अर्जाचं शेवटचं वर्ष. यंदा नाही जमलं तर अंजूने भारतात यायचं आणि आपल्या भागात निघालेल्या नव्या खाजगी मेडिकल कॉलेजात शिकायचं. त्या कॉलेजचा फॉर्म मीच साताऱ्याहून नेला होता, त्याच्याच सांगण्यावरून. तो वसंतच्या टेबलाच्या खणात होता आणि अंजूला ते माहीत होतं.

"आजी, आय लव्ह इंडिया," ती मला म्हणाली. "लग्नाला येईन, दिवाळीला येईन. पण पाच वर्षं? माझं मराठी ऐकून पेशंट पळून जातील."

"आजारी माणूस फार लांब पळत नाही," मी म्हटलं. हसली, पण फॉर्मच्या खणाकडे बघून.

मिसेस बेकरच्या नाडीची गोष्ट

अंजू आठवड्यातले चार दिवस एका वृद्धाश्रमात काम करी. मला बघायचं होतं, म्हणून एकदा घेऊन गेली. आपल्याकडे वृद्धाश्रम म्हटलं की आपण आवाज खाली आणतो. इथे दारात भोपळे रंगवून ठेवले होते आणि म्हातारे पत्ते खेळताना एकमेकांवर लबाडीचा आरोप करत होते. माझा आवाज आपोआप वर आला.

तिथे मिसेस बेकर म्हणून नव्वदीच्या बाई होत्या. माझ्यासारख्याच जुन्या शिक्षिका. औषधाची गोळी दिसली की त्या चमचा फेकत. त्या दिवशीही एका नर्सला त्यांनी चमचा मारला. तेवढ्यात अंजू गेली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. तिच्या बुटाची नाडी सुटली होती.

"तेवीस वर्षांची घोडी झालीस, नाडी बांधता येत नाही?" बाई इंग्रजीत गरजल्या. अंजूने पाय पुढे केला. बाईंनी थरथरत्या हातांनी, दर वळणाला एक शेरा मारत, नाडी बांधली. बांधता बांधता मधेच तोंड उघडलं, अंजूने गोळी ठेवली, पाणी दिलं. बाईंना पत्ताही नाही. सगळं लक्ष गाठीकडे.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "नेमकी तेव्हाच कशी सुटली गं तुझी नाडी?"

"आय अनटाय इट इन द कॉरिडॉर," ती म्हणाली.

मुलांनो, हे कुठल्या परीक्षेत विचारतात मला माहीत नाही. मी विचारलं नसतं हे मात्र खरं.

टाइपरायटर आणि एक कोरा रकाना

सोळा कॉलेजांचे फॉर्म टाइप करून पाठवायचे होते. अंजूचं अक्षर डॉक्टरचंच आहे, त्या बाबतीत तिची तयारी कधीच पूर्ण झाली होती. मला टायपिंग येतं. मी काम अंगावर घेतलं. नलिनीच्या विजेच्या टाइपरायटरवर बोट नुसतं टेकलं तरी तीन अक्षरं उमटत, पण दोन दिवसांत आमचं जमलं. प्रत्येक फॉर्मची कार्बन प्रत काढली, फाइल केली, एका वहीत कॉलेज, तारीख, पोस्टाची पावती असे रकाने आखले. अंजू घाईत असे, म्हणून मी तिच्याकडून सगळ्या फॉर्मांवर आधीच सह्या घेऊन ठेवल्या. ती हाताने कच्चं लिहून ठेवी, मी पक्कं करी.

एका कॉलेजच्या फॉर्मच्या शेवटी प्रश्न होता: समितीला आणखी काही सांगायचं आहे का? पुढे सहा ओळींची जागा, आणि अंजूच्या कच्च्या प्रतीत ती कोरी.

कोरा रकाना ठेवून मी जन्मात कुठे फॉर्म दिलेला नाही. काही नसेल तर 'लागू नाही' असं लिहावं, ही माझी शिस्त. पण इथे 'लागू नाही' कसं लिहू? सगळं लागूच तर होतं. अंजू कामावर गेलेली, पोस्ट पाचला बंद होणार. शाळेत हजारो मुलींकडून मी जे लिहून घेतलं तेच माझ्या बोटांतून आपोआप उतरलं. इंग्रजीत होतं, इथे मराठीत देते:

"पहिल्या दोन वर्षांतील कमी गुण हे सर्वस्वी माझ्या हलगर्जीपणामुळे आणि कॉलेजच्या बँडमध्ये वाजवीपेक्षा जास्त वेळ घालवल्यामुळे पडले आहेत. याबद्दल मी समितीची मनःपूर्वक क्षमा मागते. असे पुन्हा होणार नाही याची हमी देते. आपली आज्ञाधारक."

सहा ओळी अगदी बरोबर भरल्या. पाकीट पोस्टात टाकलं, वहीत नोंद केली आणि स्वयंपाकाला लागले.

नोव्हेंबरापासून उत्तरं यायला लागली. पातळ पाकीट म्हणजे नकार, हे उघडण्याआधीच कळे. मी वहीत नोंद करी, नलिनी त्या दिवशी काहीतरी गोड करी, आणि वसंत टीव्ही लावी. अशी पंधरा पातळ पाकिटं आणि पंधरा गोड पदार्थ झाले. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात एका काकूंनी विचारलं, "काय मग, आमची डॉक्टरीण कधी?" अंजू म्हणाली, "काकू, सध्या मी पेशंट आहे. पेशंट म्हणजे धीर धरणारी." काकू तिळगूळ घेऊन दुसरीकडे गेल्या.

आणि जानेवारीच्या शेवटी सोळावं पाकीट आलं. जाड होतं. मुलाखतीला बोलावलं होतं, नदीपलीकडे वेस्ट व्हर्जिनियातल्या डोंगरातल्या एका गावी.

रविवार: ओहायओ नदीच्या पलीकडे

सोमवारी सकाळी मुलाखत, म्हणून आम्ही रविवारी निघालो. नलिनीला सोमवारी काम होतं. वसंत गाडी चालवायला, अंजू त्याच्या शेजारी, मी मागे दशम्या, चटणी आणि माझी फाइल घेऊन. कोलंबसच्या आसपास जमीन पोळपाटासारखी सपाट आहे. पूर्वेकडे गेलं की तिला हळूहळू सुरकुत्या पडायला लागतात आणि नदीजवळ चांगले डोंगर होतात. झाडांना पान नाही, मध्ये मध्ये बर्फ, एखादं लाल कोठार. महाबळेश्वरला कुणी पांढरा रंग देऊन ठेवल्यासारखं.

वसंत वाटभर अंजूला प्रश्न विचारत होता. "तुझी वीकनेस काय, असं विचारलं तर?"

"ऑर्गॅनिक केमिस्ट्री."

"असं सांगतात का? सांगायचं, मी फार मेहनत करते, ही माझी वीकनेस."

"बाबा, ते माझं मार्कांचं ट्रान्सक्रिप्ट बघून हसतील ना!"

"मग पहिली दोन वर्षं काय करत होतीस ते सांग!"

या वादात आमचा फाटा चुकला. नदी ओलांडून आम्ही भलत्याच रस्त्याने एका चिमुकल्या गावात शिरलो. एक चर्च, एक पेट्रोल पंप, एक खानावळ. खानावळीतली बाई माझ्याच वयाची असेल. मला 'हनी' म्हणाली. साताऱ्यात मला मुख्याध्यापिकाबाई सोडून कुणी काही म्हणत नाही. मला आवडलं.

मी शाकाहारी आहे असं सांगितल्यावर तिने विचार करून उकडलेल्या शेंगदाण्यांएवढ्या घेवड्याची वाटी आणली. त्यात काहीतरी गुलाबी तरंगत होतं. "हे काय?" मी विचारलं. "डुक्कर," ती म्हणाली, "पण थोडंसंच आहे, हनी." शेवटी मी 'ॲपल पाय' म्हणजे सफरचंदाचं सारण भरलेला गोड पदार्थ मागवला आणि टेबलाखाली दशमी खाल्ली. तिने ते पाहिलं. माझ्यासमोर एक रिकामी बशी आणून ठेवली आणि म्हणाली, "वर घेऊन खा, सांडेल." मी तिला अर्धी दशमी चटणी लावून दिली. तिने खाल्ली आणि लगेच दोन ग्लास पाणी प्यायली.

कुठे निघालात, असं तिने विचारलं. हे राज्य वेगळं, इथे विचारतात! अंजूने मुलाखतीचं सांगितलं. बाई म्हणाली, आमचा डॉक्टर दोन वर्षांपूर्वी वारला, आता साधा ताप आला तरी तासभर गाडी चालवावी लागते. मग तिने अंजूचीच मुलाखत घेतली. "रक्त बघून चक्कर येते?" नाही. "म्हाताऱ्यांचा कंटाळा येतो?" नाही. "माणसं ओरडली तर रडतेस?" "घरी गेल्यावर," अंजू म्हणाली.

"चालेल," बाई म्हणाली. "शिकून झालं की इकडे ये." मार्कांचं नावही काढलं नाही. गाडीत बसल्यावर वसंतने वीकनेसचा विषय पुन्हा काढला नाही.

रविवार संध्याकाळ: मोटेल

मोटेलमधल्या खोलीत दोन मोठे पलंग, एक बायबल आणि एक खाट होती. वसंतने खाट घेतली. जेवण झाल्यावर मी फाइल काढून अंजूला दिली. "उद्या याच फॉर्मवरून विचारतील, एकदा वाचून घे," असं म्हटलं. सगळ्या मुली परीक्षेच्या आदल्या दिवशी करतात तेच.

ती वाचत शेवटच्या पानावर आली आणि तिचा चेहरा बदलला.

"आजी, हे काय आहे?"

"शेवटचा रकाना. तू कोरा सोडला होतास."

"तू हे पाठवलंस? माझ्या सहीखाली?"

वसंतने कागद ओढून घेतला. वाचला. पुन्हा वाचला. "आई," तो म्हणाला, "इथे असं करत नाहीत गं. इथे स्वतःची स्तुती करावी लागते. माफी मागितली म्हणजे गुन्हा कबूल केला!"

"मग केला नव्हता का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

अंजू पलंगावर बसून राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आय लेफ्ट इट ब्लँक ऑन पर्पज," ती हळू म्हणाली. "कारणं द्यायची नव्हती मला. ते मार्क माझे आहेत. मला फक्त नंतरचं काम दाखवायचं होतं. आणि आता मी लायर झाले, आजी. यातला एक शब्दही माझा नाही."

तेव्हा मला कळलं. मी रकाना बघितला, खालची सही बघितलीच नाही. कुणाची सही घेऊन वरचा मजकूर आपण भरणं याला शाळेत मी काय म्हटलं असतं, ते मला चांगलं ठाऊक होतं. त्यासाठी मी मुलींचे पालक बोलावले आहेत. माझे पालक बोलावण्याची सोय आता उरली नव्हती.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "उद्या तुझ्याबरोबर येते आणि त्यांना सांगते."

"नो! आजी, प्लीज. तू फक्त लॉबीत बस. आणि कुणाशी काही बोलू नकोस. प्रॉमिस?"

मी वचन दिलं. सोळातलं एकच दार उघडं होतं आणि त्यालाही मी बाहेरून कडी घातली होती. वसंतने खाटेवरून एवढंच म्हटलं, "त्यांनी वाचलं नसेल. सहाशे अर्ज असतात." ते ऐकून कुणाला बरं वाटलं नाही.

सोमवार: तळमजल्यावरचा सोफा

सकाळी अंजू निळा सूट घालून वर गेली. वसंत आवारात फेऱ्या मारायला लागला. मी दिल्या वचनाप्रमाणे तळमजल्यावरच्या सोफ्यावर बसले आणि विणकाम काढलं.

शेजारी एक उंच गृहस्थ येऊन बसले. रापलेला चेहरा, हातात टोपी, आखूड झालेला कोट. त्यांचाही मुलगा वर गेला होता. आम्ही बर्फाबद्दल बोललो. गाईंबद्दल बोललो, त्यांच्याकडे चाळीस होत्या. मग बोलण्यासारखं काही उरेना, आणि माझ्या तोंडून सवयीने गेलंच, "मुलाला मार्क किती?"

लगेच जीभ चावली. यादीतला पहिला नंबर! त्यांनी टोपी गुडघ्यावर फिरवली.

"पुरेसे नाहीत, मॅडम," ते म्हणाले. "तुमच्या नातीला?"

"पुरेसे नाहीत."

एवढ्यावर आमची जी मैत्री झाली, ती गाईंवर झाली नव्हती. पहिल्या वर्षी मुलाचं मन लागलं नाही, दर शनिवारी घरी दूध काढायला यायचा, असं त्यांनी सांगितलं. मी ट्रॉम्बोनचं सांगितलं. ते म्हणाले, वाद्याला निदान चारा लागत नाही. कुणाशी बोलणार नाही हे वचन मोडलं गेलंच होतं, म्हणून माफीनाम्याचंही सांगितलं. ते आधी हसले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या मुलाने तीन पानं लिहिली आहेत. माफी कुठेच नाही. असती तर बरी दिसली असती." आणि मग मात्र हसले, इतके की माहितीच्या खिडकीतल्या बाईने वर पाहिलं.

अडीच तासांनी अंजू खाली आली. चेहऱ्यावरून काही कळेना. म्हणाली, "गाडीत सांगते."

परत

नदी ओलांडली. मग अंजू सांगायला लागली. दोन मुलाखती झाल्या. पहिल्या डॉक्टरांनी फॉर्म वाचलेलाच नव्हता, ते मासेमारीबद्दल बोलले. दुसऱ्या एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्यासमोर शेवटचं पान उघडं होतं.

"त्या म्हणाल्या, आम्हाला आजवर कुणी सॉरी म्हटलेलं नाही. धिस इज अ फर्स्ट."

"मग?" वसंतने गाडी हळू केली.

"मी म्हटलं, हे मी लिहिलेलं नाही. माझ्या आजीने लिहिलं, मला काल रात्री कळलं. ती खाली बसली आहे."

"अगं!" वसंतने कपाळाला हात लावला.

"दोन्ही हात व्हीलवर, बाबा. त्यांनी विचारलं, मग हे काढून टाकू का? मी पुन्हा वाचलं. आणि म्हटलं, हलगर्जीपणा राहू दे, तो खरा आहे. क्षमा पण राहू दे. फक्त बँड काढा. बँडबद्दल मी सॉरी नाही. तिथे मी दोन वर्षं दीडशे लोकांबरोबर पाऊल जुळवायला शिकले. सॉरी मी अभ्यास केला नाही त्याबद्दल आहे, वाजवलं त्याबद्दल नाही."

"त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही. पेन घेऊन एक लाइन खोडली. मग वृद्धाश्रमाचं विचारलं आणि वेळ संपली."

वसंतने वायपर लावला. बर्फ भुरभुरत होतं. मग वसंत समोर बघत म्हणाला, "मी एकदाही तुझं वाजवणं ऐकायला आलो नाही."

"आय नो, बाबा."

"शनिवारी लॉन कापायचो."

"आय नो."

मी मागे विणकामाचे टाके मोजत होते. चुकत होते, पुन्हा मोजत होते.

मार्चमध्ये पत्र आलं. पातळ नाही, जाडही नाही. होय नाही, नाहीही नाही. प्रतीक्षा यादी. आमच्याकडे अशा यादीवर असलेला माणूस मंत्र्याच्या मेहुण्याला शोधतो. इथे तसा मेहुणा नसतो म्हणे, नुसतं थांबायचं. त्या दिवशी वसंतने खणातून तो फॉर्म काढला आणि टेबलावर ठेवला. अंजू म्हणाली, "बाबा, मी सही करणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अप्लाय करीन. त्याच्या पुढच्याही. वृद्धाश्रमात काम करत राहीन." आवाज चढवला नाही. वसंतने माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नकोस," मी म्हटलं. "अंजूच्या सहीच्या कागदाला मी आता हात लावत नाही."

नलिनीने फॉर्म उचलला, मागची कोरी बाजू वर केली आणि त्यावर वाणसामानाची यादी लिहायला घेतली. एप्रिलमध्ये मी परत निघाले, तेव्हा यादी जशी होती तशीच होती.

सातारा

गेल्या सोमवारी संध्याकाळी सहाला फोन वाजला. खरखर, मग लांबून अंजूचा आवाज. प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येत होता.

"आजी, कुणीतरी ड्रॉप झालं! आत्ता कॉलेजचा फोन आला. मी लागले!"

"कितवा नंबर?" हे मी विचारलंच.

"लास्ट! पूर्ण क्लासमधली सगळ्यात शेवटची मी!"

चाळीस वर्षं मी निकालाच्या पाटीवर पहिली दहा नावं लिहिली. शेवटच्या नावाचा एवढा आनंद व्हायची ही पहिलीच वेळ. मी खुर्ची ओढून बसले. अंजू हसत होती, मग रडत होती, मग पुन्हा हसत होती, आणि प्रतिध्वनीमुळे सगळं एकदमच ऐकू येत होतं. शेवटी नलिनीने फोन घेतला.

"वसंतला दे," मी म्हटलं.

"आई, ते बाहेर आहेत. गाडी धुताहेत."

"आत्ता? तिकडे सकाळचे साडेआठ ना? ऑफिसला नाही गेला?"

"निघालेच होते. तेवढ्यात फोन आला. तसेच बाहेर गेले आणि पाइप लावला. कोट-टाय सगळं अंगावर. मी दोनदा हाक मारली. अंजूला सोडायला जायचंय, गाडी स्वच्छ पाहिजे, म्हणाले."

"कधी जायचंय?"

"शनिवारी," नलिनी म्हणाली.